बॅकअपचा ड्राइव्ह आणि इतर फाइल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅकअपसाठी २ टीबीचा एक्स्टर्नल ड्राइव्ह आणला, लॅपटॉपमधला सगळा ऐवज त्यात ओतला, तरी अर्ध्याहून जास्त जागा रिकामीच दिसते. फोन मात्र काठोकाठ भरलेला असतो आणि लॅपटॉपही जागा नाही म्हणून कुरकुरत असतो. मग हात आपसूक त्या रिकाम्या जागेकडे वळतो. घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल करताना याबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बॅकअपच्या ड्राइव्हवर दुसऱ्या फाइल्स ठेवता येतात का?

येतात. ‘बॅकअप ड्राइव्ह’ अशी काही वेगळी वस्तू नसते. साध्याच ड्राइव्हला आपण ते काम दिलेलं असतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर स्वतःच्या फोल्डरमध्ये काम करतं आणि शेजारच्या फोल्डरला सहसा हात लावत नाही. अपवाद दोन: मॅकमधलं बॅकअपचं सॉफ्टवेअर टाइम मशीन (अलीकडच्या आवृत्त्या) आणि मिरर पद्धतीने, म्हणजे दोन फोल्डर हुबेहूब सारखे ठेवत चालणारी सॉफ्टवेअर. दोन्हींबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

पण फाइल तिथे टाकण्याआधी स्वतःला एक विचारा: हिची दुसरी प्रत कुठे आहे? पुढची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

फाइल बॅकअपच्या ड्राइव्हवर ठेवली म्हणजे तिचा बॅकअप झालाच ना?

नाही. हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की इथे जरा थांबायलाच हवं.

बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या डिस्ककडे बघतं आणि तिथे जे दिसेल त्याची प्रत ड्राइव्हवर ठेवतं. ड्राइव्हवर तुम्ही हाताने ठेवलेल्या फोल्डरकडे ते ढुंकूनही पाहत नाही. टाइम मशीन तर ज्या डिस्कवर बॅकअप घेतं, ती डिस्क बॅकअपमधून वगळतंच.

समजा लॅपटॉपवर ‘सहल’ नावाचा ४० जीबीचा फोल्डर आहे. आज त्याच्या दोन प्रती आहेत, एक लॅपटॉपवर आणि एक बॅकअपमध्ये. जागा करायची म्हणून तुम्ही तो फोल्डर ड्राइव्हवर हलवलात. आता लॅपटॉपवर काही नाही. हलवलेला फोल्डर ड्राइव्हवर आहे, आणि जुन्या बॅकअपमधली प्रतही त्याच ड्राइव्हवर आहे. ड्राइव्ह हातातून पडला तर दोन्ही एकदम गेल्या. शिवाय बॅकअपमधली ती प्रत कायम राहीलच असं नाही. टाइम मशीनसारखी सॉफ्टवेअर जागा संपत आली की सर्वांत जुने बॅकअप काढून टाकतात, आणि लॅपटॉपवर आता नसलेली फाइल फक्त त्या जुन्या बॅकअपमध्येच असते. काही महिन्यांनी खरोखर एकच प्रत उरते, आणि आपण मात्र ‘बॅकअपमध्ये आहे की’ असं म्हणून निश्चिंत असतो.

मग कोणत्या फाइल्स ठेवल्या तर हरकत नाही?

ज्या गेल्या तर पुन्हा मिळतील त्या. सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल फाइल्स, डाउनलोड केलेले चित्रपट, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायच्या म्हणून दोन दिवसांपुरत्या टाकलेल्या फाइल्स, दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा क्लाउडवर आधीच असलेल्या गोष्टींची जास्तीची प्रत. यासाठी ती रिकामी जागा खुशाल वापरा.

ज्यांची एकमेव प्रत तिथे राहणार आहे, त्या फाइल्स ठेवू नका. बाळाचे पहिल्या वर्षातले फोटो, स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रं, प्रबंधाचा मसुदा, हिशेबाच्या वह्या, ध्वनिमुद्रणं, न संपादित केलेले व्हिडिओ. ठरवता येत नसेल तर अशी कल्पना करा की उद्या सकाळी ड्राइव्ह जोडला आणि तो सुरूच झाला नाही. कोणत्या फाइलच्या आठवणीने पोटात गोळा येतो? ती फाइल तिथे एकटी नको.

फोन भरला की फोटो थेट बॅकअप ड्राइव्हवर टाकून फोनमधून पुसले तर?

हीच सवय सर्वांत जास्त लोकांना असते आणि नुकसानही याच वाटेने जास्त होतं. फोटो ड्राइव्हवर टाकायला हरकत नाही, पण क्रम सांभाळा. आधी कॉपी करा, कट-पेस्ट नको. केबल हलल्याने किंवा फोन लॉक झाल्याने फोन आणि कॉम्प्युटरमधला दुवा मध्येच तुटतो, आणि त्या वेळी कट-पेस्ट चालू असेल तर कोणती फाइल कुठवर पोहोचली हे शोधत बसावं लागतं.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा फाइल्सचा आकडा आणि एकूण आकार जुळवा. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो मोठे करून उघडा. छोटं चित्र दिसतंय म्हणून फाइल शाबूत आहे असं धरून चालू नका. अर्धवट आलेल्या फोटोचंही छोटं चित्र व्यवस्थित दिसू शकतं आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो. व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे सरकवून बघा. यानंतर तेच फोटो आणखी एका ठिकाणी ठेवा, लॅपटॉपवर, दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. फोनमधून पुसायचं ते सर्वांत शेवटी.

आयफोन वापरत असाल तर आणखी एक बघा. फोनमधली जागा वाचवण्याचा पर्याय सुरू असेल तर मूळ आकाराचे फोटो आयक्लाउडवर असतात आणि फोनमध्ये त्यांच्या लहान प्रती. केबलने कॉपी करताना सगळे मूळ फोटो येतील असं गृहीत धरू नका. आधी ते उतरवून घ्या.

विंडोजमध्ये नेमकं काय होतं?

विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आलेलं ‘फाइल हिस्ट्री’ हे विंडोजमधलंच बॅकअपचं सॉफ्टवेअर ड्राइव्हवर स्वतःच्या नावाचा एक फोल्डर बनवतं आणि त्यातच काम करतं. त्याच्या शेजारी तुमचा वेगळा फोल्डर करा, तो सुरक्षित राहतो. त्या फोल्डरच्या आत मात्र काहीही ठेवू नका आणि आतल्या फाइल्स हाताने हलवू किंवा पुसू नका.

फाइल हिस्ट्री ठरलेल्या सेटिंगनुसार दर तासाला बदललेल्या फाइल्सची प्रत घेतं आणि जुन्या आवृत्त्या कायम ठेवतं. ‘कायम’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बॅकअप वाढत जातो, शेजारी तुमचे चित्रपट वाढत जातात, आणि एके दिवशी जागा नाही म्हणून नवा बॅकअप होतच नाही. कोपऱ्यात सूचना येते, पण ती वाचतो कोण? सेटिंगमध्ये जाऊन जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवायच्या ते बदलता येतं. इतर फाइल्स ठेवायच्या असतील तर ‘जागा लागेपर्यंत’ हा पर्याय निवडून टाका.

संपूर्ण सिस्टिमची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्या डिस्कची प्रत घेत असाल तर ड्राइव्हवर ‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाचा फोल्डर तयार होतो. त्याचं नाव बदलू नका आणि टापटीप करण्याच्या नादात तो दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवू नका. कॉम्प्युटर बंद पडल्यावर रिकव्हरी त्याला ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवरच शोधते.

आणि ‘रिकव्हरी ड्राइव्ह’, म्हणजे बंद पडलेला कॉम्प्युटर सुरू करण्यासाठीचा ड्राइव्ह बनवताना विंडोज निवडलेला ड्राइव्ह पूर्ण पुसतं. त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह वापरा, बॅकअपचा ड्राइव्ह चुकूनही निवडू नका.

मॅकवर टाइम मशीनच्या डिस्कवर फाइल्स टाकता येत नाहीत. डिस्क बिघडली आहे का?

नाही, ती तशीच बनवलेली आहे. टाइम मशीन २००७ मध्ये मॅक ओएस एक्स लेपर्डबरोबर आलं, तेव्हा बॅकअप एका साध्या फोल्डरमध्ये असायचा आणि शेजारी आपल्या फाइल्स ठेवता यायच्या. २०२० मध्ये आलेल्या बिग सरपासून टाइम मशीन नवी डिस्क ॲपलच्या एपीएफएस या फॉरमॅटने (फाइल्स मांडून ठेवायच्या पद्धतीने) तयार करतं. अशा व्हॉल्यूमवर (डिस्कवरच्या स्वतंत्र भागावर) फाइंडरमधून काही ठेवता येत नाही, ते फक्त वाचण्यापुरतं असतं.

मार्ग सोपा आहे. डिस्क युटिलिटी उघडा, डावीकडे ती डिस्क निवडा आणि तिच्यावर नवीन एपीएफएस व्हॉल्यूम जोडा. यासाठी आधीचा बॅकअप पुसावा लागत नाही. दोन्ही व्हॉल्यूम एकाच सामायिक जागेतून लागेल तशी जागा घेतात. त्यामुळे नवं व्हॉल्यूम जोडतानाच त्याला कमाल मर्यादा घालून द्या. नाहीतर तुमच्या फाइल्स वाढतील तशी टाइम मशीनची जागा आकसत जाईल. ही मर्यादा घालण्याची सोय त्याच खिडकीत असते, पण ती वेगळ्या बटणामागे असल्यामुळे बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत.

फोटोज ॲपची लायब्ररी टाइम मशीनच्या डिस्कवर हलवू नका. ॲपलनेच तसं सांगितलेलं आहे. ती वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्या डिस्कचाही बॅकअप होतोय ना, हे टाइम मशीनच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत एकदा बघा.

आधीच फाइल्सनी भरलेला ड्राइव्ह टाइम मशीनला द्यायचा असेल तर सावध राहा. ड्राइव्हचा फॉरमॅट त्याला चालणारा नसेल तर ते ड्राइव्ह पुसायची परवानगी मागतं. घाईत ‘हो’ दाबलं की होतं ते सगळं जातं.

दोन पार्टिशन केली तर दोन्ही सुरक्षित राहतील ना?

पार्टिशन म्हणजे एकाच पेटीचे दोन कप्पे. पेटी हरवली तर दोन्ही कप्पे हरवतात. ड्राइव्ह पडणं, चोरीला जाणं, त्याचा सर्किट बोर्ड जळणं, यांतल्या कशालाही पार्टिशनची भिंत अडवत नाही.

त्याचा उपयोग वेगळा आहे. बॅकअपला ठरावीक जागा राखून ठेवता येते, फाइल्सची सरमिसळ होत नाही आणि एक भाग फॉरमॅट करायची वेळ आली तर दुसरा तसाच राहतो. पार्टिशन करायचंच असेल तर ड्राइव्ह नवा आणि रिकामा असतानाच करा. भरलेल्या ड्राइव्हवर पार्टिशन आक्रसण्याचं काम बहुतेक वेळा नीट होतं, पण मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर दुसरी प्रत नसलेल्या फाइल्सचं काय होईल, ते आधी ठरवून मगच हात घाला.

मी मिरर किंवा सिंक करणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात काही धोका आहे का?

आहे, आणि तो मी स्वतः भोगलेला आहे.

मिरर म्हणजे आरसा. एका बाजूला जे आहे अगदी तेच दुसऱ्या बाजूला असायला हवं, कमी नको आणि जास्तही नको. लॅपटॉपवर नसलेली फाइल ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरमध्ये सापडली, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती उरलेला कचरा असते आणि ते ती काढून टाकतं. रोबोकॉपी, फ्रीफाइलसिंक, आरसिंक, सगळ्यांत असा पर्याय आहे. दोष त्यांचा नाही. जे सांगितलं ते ती चोख करतात.

माझ्या लॅपटॉपवरचा ‘कामं’ हा फोल्डर ड्राइव्हवरच्या ‘कामं’ फोल्डरशी रोज रात्री मिरर व्हायचा. आजोबांच्या पत्रांचं स्कॅनिंग मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर केलं आणि ती ३१२ पानं आणून घाईत ड्राइव्हवरच्या ‘कामं’ मध्येच ठेवली. तिथे ती नीट दिसत होती, एक-दोन उघडूनही पाहिली. दुसऱ्या दिवशी फोल्डर नव्हता. लॉग (सॉफ्टवेअरने केलेल्या कामांची नोंद) उघडला तर पत्रांच्या फाइल्सची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे ‘डिलीट’. रिसायकल बिनमध्येही काही नव्हतं, कारण सॉफ्टवेअरला थेट पुसायची मुभा दिलेली होती. मूळ पत्रं कपाटात होती म्हणून ती पुन्हा स्कॅन करता आली. पण घड्यांवर विरलेले ते कागद दुसऱ्यांदा काचेवर ठेवताना प्रत्येक पानागणिक जीव वरखाली होत होता.

तेव्हापासून ड्राइव्हवर सर्वांत वरच्या पातळीवर माझे दोनच फोल्डर असतात: ‘बॅकअप – हात लावू नये’ आणि ‘इतर’. मिरर फक्त पहिल्याच्या आत चालतं. सॉफ्टवेअरमध्ये पुसलेल्या फाइल्स ठरावीक दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा पर्याय असेल तर तो सुरू करा. आणि नवं काम चालवण्याआधी काय काय पुसलं जाणार आहे, त्याची यादी दाखवणारी चाचणी एकदा नक्की चालवा.

बॅकअपसाठी किती जागा मोकळी ठेवायची?

कॉम्प्युटरच्या डिस्कच्या निदान दुप्पट जागा बॅकअपला असावी. टाइम मशीनसाठी ॲपलही हेच सांगतं आणि विंडोजलाही हा हिशेब लागू पडतो. लॅपटॉप ५१२ जीबीचा असेल तर १ टीबी बॅकअपचा. त्यापुढचं उरलं तर इतर फाइल्सना.

दुप्पट कशासाठी, तर जुन्या आवृत्त्यांसाठी. टाइम मशीन गेल्या २४ तासांचे तासातासाचे, गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं. जागा संपली की सर्वांत जुने काढतं. तुम्ही शेजारी ८०० जीबीचे चित्रपट ठेवलेत तरी बॅकअप होतच राहील, तक्रार कुठेच दिसणार नाही. फक्त मागे जाण्याची मुदत वर्षावरून दोन महिन्यांवर आलेली असेल. आणि बिघाड नेहमी लगेच कळत नाही. हिशेबाच्या फाइलमधला एक तक्ता चुकून पुसला जातो, फाइल सेव्ह होते, आणि ते ध्यानात येतं चार महिन्यांनी वर्षाचा हिशेब जुळवताना. त्या वेळी दोन महिन्यांपूर्वीची प्रत काही कामाची नसते.

खरेदी करताना एवढं ध्यानात असू द्या की १ टीबीचा ड्राइव्ह विंडोज ९३१ जीबी दाखवतं. फसवणूक झालेली नसते. बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या.

ड्राइव्ह विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालवायचा आहे. फॉरमॅट कोणता?

फाइल्सची ने-आण करायची असेल तर एक्सफॅट, तो दोन्हीकडे वाचता आणि लिहिता येतो. एनटीएफएस मॅक वाचतो, पण जास्तीच्या सॉफ्टवेअरशिवाय त्यावर लिहीत नाही. एपीएफएस विंडोजला आपलंआपण कळतच नाही. जुना फॅट३२ टाळा, त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही आणि तासाभराचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ सहज त्यापुढे जातो.

बॅकअपला मात्र एक्सफॅट योग्य नाही. टाइम मशीन त्यावर चालत नाही, विंडोजच्या सिस्टिम इमेजला एनटीएफएस लागतो. शिवाय एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, म्हणजे लिहिण्याचं काम अर्ध्यात तुटलं तर पूर्ववत होण्यासाठी नोंद नसते. केबल ओढून काढायची सवय असलेल्यांना याचा फटका बसतो. म्हणून बॅकअप आपल्या सिस्टिमच्या फॉरमॅटमध्ये ठेवा आणि ने-आण करायला एक साधा पेन ड्राइव्ह घ्या.

इतर फाइल्स सारख्या लागतात म्हणून ड्राइव्ह कायम जोडून ठेवला तर?

इतर फाइल्स ठेवण्याचा खरा तोटा मला इथे दिसतो. निव्वळ बॅकअपचा ड्राइव्ह आपण जोडतो, काम झालं की इजेक्ट करून कपाटात ठेवतो. त्यावर चित्रपट आणि गाणी आली की तो टेबलावरच राहतो, लॅपटॉपला लटकलेला. मग केबलला कुणाचा तरी पाय लागतो, पाण्याचा पेला सांडतो.

रॅन्समवेअर हा आणखी गंभीर धोका. हा व्हायरस फाइल्सना कुलूप घालतो आणि त्या क्षणी कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइल्सनाही सोडत नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइल्सही अशाच बंद केल्या होत्या. कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हपर्यंत असा कोणताही व्हायरस पोहोचत नाही.

रोज लागणाऱ्या फाइल्स असतील तर त्यांना वेगळा, लहान ड्राइव्ह द्या.

ड्राइव्हवरूनच थेट व्हिडिओ एडिटिंग केलं किंवा गेम चालवले तर?

नको. तबकडीच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये, वाचणारं-लिहिणारं हेड एकच काम एका वेळी करतं. एकीकडे बॅकअप चालू आणि दुसरीकडे एडिटिंग, असं झालं की ते सारखं इकडून तिकडे धावतं, दोन्ही कामं रेंगाळतात आणि ड्राइव्ह तापतो. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हमध्ये नोंदींचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून बसवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच इथे छोट्या बदलासाठी शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायला हे ड्राइव्ह उत्तम, सतत बदलणाऱ्या फाइल्सना अजिबात नाहीत.

एसएसडी घेतला तर ही काळजी मिटेल का?

पडण्याची बरीचशी मिटते, कारण एसएसडीमध्ये माहिती चिपवर असते, आत फिरणारं काही नसतं. वेगही खूप जास्त. पण एसएसडी अचानक आणि पूर्णच बंद पडू शकतो. तबकडीचा ड्राइव्ह अनेकदा आधी आवाज करून इशारा देतो. एसएसडीमधली माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं न जोडता ठेवला तर तो भार ओसरू शकतो. त्यामुळे काही महिन्यांनी एकदा जोडून थोडा वेळ चालू ठेवा. दुसऱ्या प्रतीची गरज दोन्हींना सारखीच.

मित्राला चित्रपट द्यायचे आहेत. ड्राइव्ह दोन दिवस दिला तर?

त्या ड्राइव्हवर तुमच्या कॉम्प्युटरची संपूर्ण प्रत आहे: ओळखपत्रांचे स्कॅन, बँकेची पत्रकं, खासगी फोटो. मित्रावर विश्वास असेल, पण तो ड्राइव्ह कोणत्या कॉम्प्युटरला लागेल आणि परत येताना त्यावर काय घेऊन येईल, हे त्याच्याही हातात नाही. पेन ड्राइव्हवर कॉपी करून द्या.

तसाही बॅकअप एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा असावा. टाइम मशीनमध्ये डिस्क निवडतानाच तो पर्याय मिळतो, विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होम आवृत्तीत व्हेराक्रिप्ट वापरता येतं. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा. दोन्ही हरवलं तर आतलं काही परत मिळत नाही. आणि त्यांची नोंद फक्त त्याच लॅपटॉपमध्ये ठेवली असेल, तर लॅपटॉप गेल्यावर बॅकअपही उघडणार नाही.

फाइल्स पुसल्या तरी जागा मोकळी होत नाही, असं का?

त्या ड्राइव्हच्याच कचरापेटीत असतात. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून पुसलेल्या फाइल्स त्याच डिस्कवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जातात, विंडोजमध्येही आणि मॅकमध्येही. ड्राइव्ह जोडलेला असताना रिसायकल बिन किंवा ट्रॅश रिकामा करा.

माझं सगळं आधीच सरमिसळ झालेलं आहे. सुरुवात कुठून करू?

एक सुट्टीचा दिवस काढा. ड्राइव्ह जोडा आणि बॅकअपचा फोल्डर सोडून बाकी फोल्डरची नावं कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे दुसरी प्रत कुठे आहे ते लिहा: लॅपटॉप, क्लाउड, भावाचा कॉम्प्युटर. जिथे काहीच लिहिता येणार नाही, तिथे लाल खूण करा. ती लाल यादी हेच तुमचं पहिलं काम. ती बहुधा वाटते त्यापेक्षा लहान निघते, कारण ड्राइव्हवरची बरीचशी जागा पुन्हा मिळू शकणाऱ्या गोष्टींनीच खाल्लेली असते.

लाल यादीतल्या फाइल्स आजच्या आज दुसऱ्या एका ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर टाका. वेळेचा अंदाज बांधायचा तर सेकंदाला १०० एमबी या वेगाने २ टीबी कॉपी व्हायला साडेपाच तास लागतात. लहान लहान फाइल्स असतील तर आणखी. लॅपटॉप चार्जरला लावा आणि झोपी जाण्याचं सेटिंग बंद करा.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम इथे कामी येतो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एकाच दिवशी तीनपर्यंत पोहोचता आलं नाही तरी दोनपर्यंत नक्की पोहोचा.

ड्राइव्ह टिकटिक आवाज करतोय किंवा फार हळू चालतोय. आधी काय वाचवू?

आधी ‘इतर’ फाइल्स. इथे बहुतेक जण उलटं करतात आणि आकाराने मोठा, महत्त्वाचा वाटणारा बॅकअपचा फोल्डर आधी कॉपी करायला घेतात. लॅपटॉप धडधाकट असेल तर तो बॅकअप नव्या ड्राइव्हवर पुन्हा घेता येतो. जुन्या आवृत्त्या जातात, पण आजच्या फाइल्स लॅपटॉपवर आहेतच. हाताने ठेवलेल्या फाइल्स दुसरीकडे कुठेच नसतील, तर ड्राइव्हचे उरलेले श्वास त्यांच्यासाठी वापरा. त्यातही सर्वांत मौल्यवान आणि आकाराने लहान आधी: कागदपत्रं, मग फोटो, व्हिडिओ शेवटी.

बॅकअप सॉफ्टवेअर लगेच थांबवा, नाहीतर ते मध्येच लिहायला सुरुवात करेल. दुरुस्त करतो म्हणून विंडोज किंवा मॅक विचारेल, त्याला नकार द्या. दुरुस्तीची साधनं ड्राइव्हवर लिहितात आणि आजारी ड्राइव्हला ते झेपत नाही. फॉरमॅट तर मुळीच करू नका. केबल आणि पोर्ट एकदा बदलून बघा, कारण हळू चालण्यामागे कधी कधी तेवढंच असतं.

आवाज ठोके दिल्यासारखा स्पष्ट येत असेल आणि फोल्डर उघडतच नसतील, तर ड्राइव्ह बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतलं हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी आणखी थोडी माहिती खरवडून निघते. फ्रीजमध्ये ठेवून बघा, हलकेच आपटून बघा, असले सल्ले मिळतील. ते ऐकू नका. ड्राइव्ह जाड कापडात गुंडाळून ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या. देताना कोणते फोल्डर हवेत त्यांची नावं लिहून द्या. लाल यादी केलेली असेल तर तीच पुरते.